माईकबाईंचा फुरका

सकाळी खिडकी उघडली की माईकबाईंना सगळ्यात आधी स्वतःचाच आवाज ऐकू यायचा. समोरच्या बसस्थानकाच्या छपराला टांगलेल्या भोंग्यातून तो निघायचा आणि रस्ता ओलांडून, दुसऱ्या मजल्यावर, थेट त्यांच्या पलंगापर्यंत पोचायचा. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवरची जलद गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागा घ्याव्यात.’ स्वच्छ, ठाशीव आवाज. कुठे घाई नाही, कुठे अडखळणं नाही. आणि इकडे त्या आवाजाची मालकीण पलंगाच्या कडेवर बसून, एक चप्पल पायात अडकवून, दुसरीपर्यंत वाकण्याचं बळ कधी येतंय याची वाट बघत असायची.

माईकबाई हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. पण नोकरीची सगळी वर्षं ड्रायव्हर, कंडक्टर, हमाल, कँटीनवाला याच नावाने हाक मारत आले, आणि पुढे पुढे तर पोस्टमनही पाकिटावरचं नाव न वाचता ‘माईकबाईंचं आहे’ म्हणून पत्र टाकून जायला लागला. स्थानकाच्या फलाटांच्या वरच्या बाजूला, लोखंडी जिना चढून गेलं की तीन बाजूंनी काचा असलेली एक खोली होती. तिथे टेबलावर मान वाकवून उभा असलेला एक माईक, आणि त्याच्यासमोर या.

त्यांना तयार केलं ते त्यांच्या आधीच्या मोठ्या बाईंनी. मोठ्या बाई म्हणजे जहाल प्रकरण. पहिल्याच दिवशी त्यांनी ऐकवलं होतं, “हे बघ, लोकांना गाडीचा नंबर ऐकायचाय, तुझी फुप्फुसं ऐकायची नाहीयेत. श्वास घेतलास हे मला कळलं तर माईक बंद करीन.” मग शिकवणी सुरू झाली. श्वास नाकाने घ्यायचा, मान किंचित बाजूला वळवून, सुईत दोरा ओवावा तितका बारीक. तो वाक्याच्या शेवटी घ्यायचा नाही, कारण तिथे सगळेच घेतात आणि सगळ्यांना ऐकू जातो. वाक्याच्या मधेच, ‘फलाट’ आणि ‘क्रमांक’ यांच्या फटीत चोरायचा. खोकला आला तर जीभ टाळूला लावून गिळून टाकायचा. शिंकेचं तर नावच काढायचं नाही.

माईकबाईंनी ही विद्या अशी काही अंगी मुरवली की ती माईकपुरती राहिलीच नाही. घरीही त्या बिनआवाजी झाल्या. हसल्या तरी खांदे हलायचे तेवढंच. रडल्या असतील तेव्हाही शेजारच्या खोलीत कुणाला पत्ता लागला नसेल. पाणी प्यायल्या तरी घोट ऐकू यायचा नाही. अशा बाईची गाठ पडली ती तोफकाकांशी!

तोफकाका छापखान्यात मशीनवर होते. आयुष्यभर त्या धडधडाटात उभं राहून त्यांचे कान निम्मे गेले होते, आणि ज्यांचे कान जातात त्यांचा आवाज वाढतो, त्याप्रमाणे त्यांचाही वाढला होता. ‘मीठ दे’ म्हटलं तरी तिसऱ्या मजल्यावरचे लोक मिठाची बरणी शोधायला लागतील अशी परिस्थिती. साऱ्या गावाने बायकोच्या घोषणा ऐकून गाड्या पकडल्या, पण यांना त्यातलं एक अक्षर कधी कळलं नाही. भोंगा आणि छापखाना, दोन्ही त्यांच्या कानात एकाच सुरात घुमायचे. जवळून, तोंडासमोर बोललेलं तेवढं समजायचं. आणि चहा! तोफकाका चहा पीत नसत, ओढत. बशी ओठांना लावून असा लांबलचक फुरका मारत की माईकबाईंच्या अंगावर काटा यायचा. “अहो, माणसासारखा प्या ना!” हे वाक्य त्यांनी संसारात जितक्यांदा म्हटलं तितक्यांदा कुठली घोषणाही केली नसेल. दोघांचं दुसरं कुठलंच भांडण फार टिकलं नाही. फुरक्याचं मात्र टिकलं.

पुढे स्थानकात नवं यंत्र आलं. आकडे, गावं, फलाट, ‘कृपया’, ‘सुटत आहे’, ‘उशिराने’ असे सगळे तुकडे एकदा म्हणून ठेवायचे, यंत्र हवे ते जोडून वाजवणार. ध्वनिमुद्रणाला आलेला माणूस कानांवर हेडफोन चढवून बसला. त्याचं काम श्वास कापून टाकायचं. थोड्या वेळाने त्याने हेडफोन काढले आणि म्हणाला, “बाई, मी कात्री घेऊन बसलोय, पण कापू काय? तुम्ही श्वास घेता तरी का?” हे वाक्य माईकबाईंनी एखाद्या पदकासारखं जपलं. पाहुण्यांना सांगितलं, बहिणीला सांगितलं, चष्मेवाल्यालासुद्धा सांगितलं. तो आपला भिंग पुसत ‘हो का, हो का’ करत राहिला.

काचेच्या खोलीला कुलूप लागलं आणि माईकबाईंना खाली, हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसवलं. तिथे त्यांना पहिल्यांदा ते जाणवलं. कुणाची तरी विसरलेली पिशवी उचलून फळीवर ठेवायची, आणि पुढची काही मिनिटं फळीला धरून उभं राहायचं. मग जिन्यावर. मग सपाट रस्त्यावर. पाय सुजायचे, छातीत कुणी मूठ आवळून धरल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरांकडे त्या गेल्या, आणि इथेच सगळी गंमत झाली. गंमत कसली, घात झाला. माईकबाई खुर्चीवर बसून सांगायच्या, “डॉक्टरसाहेब, गेले काही महिने मला दोन पावलं चाललं तरी दम लागतो, आणि वाकलं की डोळ्यांपुढे अंधारी येते.” हे सगळं एका दमात. स्पष्ट. सुंदर. समोरच्या माणसाला वाटायचं, आता ही फलाटाचा नंबर सांगणार. श्वास त्या चोरत होत्या, ‘दोन’ आणि ‘पावलं’च्या फटीत, सवयीने, पण ते कुणाला दिसणार? एकाने वजन कमी करा म्हटलं. एकाने गॅसेसच्या गोळ्या दिल्या. एक तर हसून म्हणाला, “दम लागलेलं माणूस असं बोलतं का हो? जरा फिरायला जात जा, मन रमवा.” फोनवर ताईचंही तेच. “तुझा आवाज तर ठणठणीत आहे! रिटायर व्हायची वेळ आली की असं होतं. मनाला लावून घेऊ नकोस.” माईकबाई फोन ठेवायच्या आणि मग तोंड उघडं टाकून, कुणी बघत नाही याची खात्री करून, हवा गिळत बसायच्या. ओरडून सांगायचं तर ओरडायलाही श्वास लागतो. आणि ओरडणं त्यांना येत होतं कुठे?

शेवटी घराच्या जिन्यात त्या कोसळल्या तेव्हा लोकांना पटलं. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई शांत होत्या. त्यांनी कागदावर हृदय काढलं, त्याच्या बाजूला फुप्फुसं. “तुमच्या फुप्फुसांतल्या रक्ताच्या नळ्या आत आक्रसल्यात. हृदयाची उजवी बाजू त्या नळ्यांत रक्त ढकलून ढकलून थकलीय. हा दाब दंडाला पट्टा बांधून कळत नाही. हा आतला दाब.” तोफकाकांनी चाळीत येऊन सांगितलं की हिला फुप्फुसाचा बीपी आहे. खालच्या वहिनी लगेच म्हणाल्या, “मलाही आहे बीपी, मीठ सोडलं की उतरतो बघा.” पुढे महिनाभर जो येईल तो मिठावर बोलत होता.

गोळ्या सुरू झाल्या. त्यांच्या जोडीला वाफेचं औषध आलं. त्याच्या यंत्राचा पसारा म्हणजे जवळपास छापखानाच. नळ्या, वाट्या, डिस्टिल्ड वॉटर, रोज धुणं, रोज वाळवणं. दिवसातून चार वेळा तो डाव मांडायचा आणि मोडायचा. म्हणून जेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आता हेच औषध कोरड्या पावडरीतून घेता येईल, तेव्हा माईकबाईंना हायसं वाटलं. हातात मावेल एवढं यंत्र, पुढे तोंडात धरायची चोच, आत बसवायचं इवलंसं प्लास्टिकचं कार्ट्रिज. तोफकाका त्याला काडतूस म्हणायचे. “काडतूस भरलंस का गं?” असं ते रोज सकाळी खिडकी उघडी टाकून विचारायचे, तेव्हा रस्त्यावरून जाणारे वर बघायचे.

दवाखान्यातली श्वासविभागाची सिस्टर तरुण होती, चटपटीत होती आणि तिच्या दारात नेहमी रांग असायची. तिने समजावलं. “काकू, कार्ट्रिज बसवलं की यंत्र आडवं, सपाट धरायचं. तिरकं केलंत तर पावडर सांडते. आत फुंकर मारायची नाही, तोंडातली ओल लागली की पावडर चिकटून बसते. श्वास आधी बाहेर सोडून द्या, मग ओठांनी चोच घट्ट धरा आणि एका दमात आत ओढा. थोडं थांबा, मग सोडा. यात बॅटरी नाही, वाफ नाही. तुमचा श्वास हीच बॅटरी.” माईकबाईंनी मान डोलावली. यंत्र इतकं सपाट धरलं की वर दिवा ठेवला असता तर हलला नसता. ओठ नेटके मिटले. आणि घेतला. सिस्टर बघत होती, तितक्यात दारातून कुणी काहीतरी विचारलं, तिने वळून उत्तर दिलं आणि परत बघून म्हणाली, “छान! अगदी छान घेतलंत.”

“सुरुवातीला खोकला येईल हं,” सिस्टर म्हणाली होती. “सगळ्यांनाच येतो. पावडर घशाला लागते.”

माईकबाईंना आला नाही. एकदाही नाही. रांगेत बसलेले बाकीचे पेशंट खोकून खोकून लाल झालेले असायचे. या आपल्या टापटीप. “मला साधा ठसकासुद्धा लागला नाही,” त्या ताईला फोनवर सांगायच्या. “घसा कमावलेला आहे ना माझा.” तोफकाकाही अभिमानाने चाळभर सांगत सुटले की हिचा घसा म्हणजे घसा आहे.

आणि घर आक्रसायला लागलं. आधी गच्ची गेली. मग जिना गेला. मग गॅलरीपर्यंत जाऊन टॉवेल वाळत टाकणं गेलं. स्वयंपाकघर परगावासारखं झालं. तिथे जायचं तर आधी ठरवायचं, मधे दाराच्या चौकटीला धरून थांबायचं, पोचलं की स्टुलावर बसायचं आणि आपण काय घ्यायला आलो होतो ते आठवायचं. उरला पलंग, पलंगाशेजारची खिडकी आणि खिडकीतून येणारा तो आवाज. दिवसभर तो लोकांना गावोगाव पाठवत होता. माईकबाईंना कधी कधी त्याचा इतका राग यायचा की उशी कानावर दाबून त्या पडून राहायच्या. आपणच आपल्याला बाहेर टाकून दार लावून घेतलंय, असं काहीतरी त्यांना वाटायचं. पण हे सांगणार कुणाला? तोंड उघडलं की परत तोच गोड, सुरळीत आवाज निघणार आणि ऐकणारा म्हणणार, वा, आज बरं दिसतंय!

तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाईंनी बराच वेळ कागद चाळले. “पावडरीने काही उपयोग होताना दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “दाब वाढलाय. मला वाटतं आता पंप लावायला हवा. छातीत, गळ्याच्या हाडाखाली एक बारीक नळी कायमची बसवायची. कमरेला छोटा पंप. त्यातून औषध सतत रक्तात जात राहील.”

“सतत म्हणजे?” तोफकाकांनी विचारलं. सगळा व्हरांडा वळला.

“सतत म्हणजे सतत. झोपेतही. तो मधेच बंद पडून चालत नाही.”

माईकबाईंनी अशी एक बाई दवाखान्यातच पाहिली होती. पट्ट्यात अडकवलेली पिशवी, गळ्याजवळ चिकटपट्टीखालून आलेली नळी. तिचं बरं चाललं होतं, ती हसून बोलायचीही, पण तिचा एक हात सदोदित त्या पिशवीवर असायचा. आंघोळीला, झोपेत, कुणी मिठी मारायला आलं तरी. माईकबाईंची छाती आधीच बांधल्यासारखी झाली होती. आता खुंटी आणि दोरीही येणार होती. त्या घाबरल्या. चांगल्याच घाबरल्या. पण म्हणाल्या काय, तर “ठीक आहे, तुम्ही योग्य तेच सांगाल,” असं एकसंध, खणखणीत वाक्य. डॉक्टरीणबाईंना वाटलं, बाई धीराच्या आहेत. भरतीची तारीख ठरली.

भरतीच्या दिवशी सिस्टरकडे जायचं होतं ते केवळ रिवाज म्हणून. फाईलमध्ये एक रकाना होता: औषध घेण्याची पद्धत तपासली का. सिस्टर टेबलाच्या पलीकडे खाली मान घालून तोच भरत होती. “काकू, एकदा घेऊन दाखवता का?” ती म्हणाली आणि लिहीत राहिली. तोफकाका कोपऱ्यातल्या बाकावर कागदी कपातला चहा घेऊन बसले होते.

माईकबाईंनी घेतला. यंत्र खाली ठेवलं.

सिस्टर लिहीत होती. थोड्या वेळाने म्हणाली, “घ्या ना काकू.”

“घेतला की.”

सिस्टरचं पेन थांबलं. “कधी?”

“आत्ता. तुमच्यासमोर.”

सिस्टरने मान वर केली. एकदा यंत्राकडे पाहिलं, एकदा माईकबाईंकडे. मग यंत्र उघडलं, कार्ट्रिज काढलं, टेबलावरच्या काळ्या फाईलवर उलटं धरलं आणि बोटाने टिचकी मारली. पांढरी पावडर भुरभुर पडली. कार्ट्रिजमध्ये भरली होती तेवढी जवळजवळ सगळीच.

माईकबाई त्या पांढऱ्या ठिपक्याकडे बघत होत्या. एवढे महिने, दिवसातून चार वेळा, त्यांनी यंत्र सपाट धरलं होतं, ओठ मिटले होते, वेळ चुकवली नव्हती, आणि औषध जिथल्या तिथे राहिलं होतं. ते भरलेलं काडतूस मग त्या स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकत होत्या.

“मी तुम्हाला छान म्हटलं होतं,” सिस्टर हळूच म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता. “मी तेव्हा नुसतं बघितलं, काकू. ऐकलं नाही.” मग तिने एक नवं, सरावाचं रिकामं कार्ट्रिज काढलं. “परत. जोरात ओढा. श्वासाचा आवाज मला इथे, टेबलाच्या पलीकडे ऐकू यायला हवा.”

आवाज! माईकबाईंनी प्रयत्न केला. खरंच केला. पण ओठ चोचीला लागले की घसा आपोआप मोठ्या बाईंच्या ताब्यात जायचा. दोऱ्याएवढा श्वास, मान किंचित बाजूला. सिस्टर म्हणाली, स्ट्रॉने दाट काहीतरी ओढताय असं समजा. जमेना. म्हणाली, पाण्यातून वर आल्यावर घेतो तसा घ्या. माईकबाई कधी पाण्यात उतरल्या नव्हत्या. म्हणाली, दचकल्यावर घेतो तसा. पण त्या दचकल्या तरी आवाज करत नसत. त्यांच्या कपाळावर घाम आला, कान तापले. चारचौघांत ढेकर द्यायला सांगावं तशी त्यांना लाज वाटत होती. आणि त्या लाजेच्या पलीकडे ती नळी होती, पिशवी होती, पिशवीवर कायमचा ठेवलेला हात होता. हे त्यांना चांगलं ठाऊक असूनही घसा उघडत नव्हता.

“नाही हो येत,” त्या म्हणाल्या. “मला... येतच नाही.” वाक्य मधे तुटलं. त्यांचं वाक्य मधे तुटलेलं तोफकाकांनी आजवर पाहिलं नव्हतं. ऐकू तर त्यांना धड काहीच आलं नव्हतं, पण बायकोचा चेहरा दिसत होता. काय करावं हे न कळल्यामुळे त्यांनी नेहमी करत तेच केलं. कप तोंडाला लावला आणि चहा ओढला.

फुर्र्र्र्र.

सिस्टर ताडकन उभी राहिली. “हा! हा! हा आवाज, काकू! हाच पाहिजे!”

“कसला?” तोफकाका गोंधळले. “मी काय केलं?”

“काका, परत करा.”

तोफकाकांनी बायकोकडे घाबरत घाबरत पाहिलं. मग केला. दारातली रांग आत डोकावली. माईकबाईंनी डोळे मिटून घेतले. म्हणजे जन्मभर ज्याच्यावर चिडलो, ज्याच्यापायी याला पाहुण्यांसमोर बसायची चोरी केली, तो हा फुरका, आणि तो आता आपण मारायचा!

“एक फुरका मार गं,” तोफकाका म्हणाले. त्यांना प्रकरण आता कुठे उलगडलं होतं. ते बाकावरून उठून समोर येऊन बसले. “लाजू नकोस. मी कुणाला सांगणार नाही.” हे त्यांनी अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं.

माईकबाईंना हसू आलं, आणि हसू आलं म्हणूनच बहुधा घसा सुटला. सिस्टरने डॉक्टरीणबाईंना फोनवर विचारून सगळ्यात कमी ताकदीचं खरं कार्ट्रिज बसवून दिलं, कारण पावडर आजवर अंगात गेलीच नव्हती. आजचा दिवस पहिलाच धरायचा होता. माईकबाईंनी श्वास सोडला, चोच धरली आणि ओढला. घर्रकन, ओबडधोबड, लाज वाटावी असा आवाज झाला. पावडर घशावर आपटली. आणि माईकबाई खोकल्या. जीभ टाळूला लावायला वेळच मिळाला नाही. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, पदर तोंडाला लावून, वाकून वाकून त्या खोकल्या, आणि समोर नवरा आणि सिस्टर हे दोघं लग्नात आल्यासारखे हसत होते.

डॉक्टरीणबाईंनी भरती रद्द केली नाही, पुढे ढकलली. “पुढच्या तपासणीपर्यंत बघू,” त्या म्हणाल्या. “ताकद हळूहळू वाढवू. पंपाचा विचार मी सोडलेला नाही, हे लक्षात ठेवा.” माईकबाईंच्या ते चांगलंच लक्षात राहिलं.

त्यानंतरचे दिवस काही सोपे नव्हते. डोकं ठणकायचं, घसा खवखवायचा, खोकल्याने बरगड्या दुखायच्या. आणि सवय अशी चिवट, की जरा लक्ष ढळलं की श्वास परत दोऱ्याएवढा व्हायचा. मग तोफकाकांनी पहारा सुरू केला. डोसची वेळ झाली की ते स्वयंपाकघरात जाऊन उभे राहायचे, मधलं दार उघडं. त्यांच्या निम्म्या कानांना तिथपर्यंत ऐकू आलं, तरच डोस पास. ऐकू आलं की आरोळी यायची, “ऐकलं!” नाही आलं तर शांतता. त्या शांततेला माईकबाई पंपाइतक्याच घाबरायला लागल्या. खालच्या वहिनींनी एकदा विचारलंच, “रोज काय ऐकता हो भाऊजी?” तोफकाका म्हणाले, “बायकोचं. इतकी वर्षं राहून गेलं होतं.”

तपासणीचा दिवस लांबत गेला. आधी चालण्याची चाचणी, मग हृदयाचं चित्र, मग डॉक्टरीणबाईंच्या दारात ताटकळणं. आत गेल्यावर माईकबाईंनी ठरवल्याप्रमाणे श्वास लपवला नाही. “चौकटीला न धरता... स्वयंपाकघरात जाते,” त्या म्हणाल्या. “जिना अजून... जमत नाही.” एवढ्या लहान वाक्यांत त्या दोनदा थांबल्या आणि प्रत्येक थांब्यावर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरीणबाईंनी पहिल्यांदाच पेन खाली ठेवून ऐकलं.

“दाब थोडा उतरलाय,” त्या म्हणाल्या. “थोडाच. हृदय सावरतंय. पंप आत्ता नको. पावडर चालू ठेवायची, चारही वेळा, न चुकता. हे आता कायमचं आहे. जिन्याची घाई करू नका, दुसरा मजला तुमच्यासाठी अजून दुसरा मजलाच आहे.”

म्हणजे सुटका झाली होती आणि नव्हतीही. परत येताना रिक्षा स्थानकाच्या बाजूला थांबली, कारण रस्त्याच्या त्या अंगाला खोदून ठेवलं होतं. पलीकडे घर दिसत होतं, वर उघडी खिडकी. मधे रस्ता आणि जिना. जिन्यासाठी खुर्ची आणि शेजारचे दोघं धडधाकट भाऊ येईपर्यंत थांबायचं होतं. आणि डोसची वेळ झाली होती.

“इथेच बसते,” माईकबाई म्हणाल्या. फलाटाच्या बाकावर, भोंग्याच्या बरोबर खाली त्या बसल्या. तोफकाका चहा आणायला गेले.

बाक भरलेलं होतं. माईकबाईंनी पिशवीतून यंत्र काढलं, कार्ट्रिज बसवलं, सपाट धरलं. आजूबाजूला माणसं होती. कुणी पेपर वाचत होतं, कुणी पोराचं नाक पुसत होतं. वर काचेची खोली होती, तिला अजून कुलूप. इथे, नेमकं इथे, त्या खोलीच्या खाली! त्यांना वाटलं, आत्ता माईक बंद होईल. मग त्यांनी श्वास सोडला, चोच धरली आणि फुरका मारला.

पेपरवाल्याने पेपर खाली केला. पोराच्या आईने पोराला मांडीवरून पलीकडच्या अंगाला घेतलं आणि तोंडाला ओढणी लावली. माईकबाई खोकत होत्या. नेमका त्याच वेळी वरचा भोंगा खरखरला. ‘प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. फलाट क्रमांक चारवर लागणारी जलद गाडी आज...’ पुढचं शेजारच्यांना खोकल्यात ऐकू गेलं नाही.

“अहो बाई, जरा शांत बसा ना!” शेजारचा गृहस्थ वैतागून म्हणाला. त्याच्या पायाशी मोठी बॅग होती. “ती काय सांगतेय ते ऐकू द्या की! तुमच्या खोकण्यात माझी गाडी जायची.”

माईकबाईंनी पदराने तोंड पुसलं. त्याच्याकडे पाहिलं. राग आला नाही असं नाही. पण आधी श्वास घेतला, भरपूर, आवाज करत.

“तुमची गाडी,” त्या म्हणाल्या, परत श्वास घेतला, “सातवर लागतेय.”

“सातवर? तुम्हाला काय माहीत?”

“आत्ताच सांगितलं ना मी.”

गृहस्थाने त्यांच्याकडे असं पाहिलं की बाईंचं डोकं ठिकाणावर नसावं. तेवढ्यात भोंग्याने घोषणा पुन्हा केली, सलग, नितळ, बिनश्वासाची, ‘...चारऐवजी फलाट क्रमांक सातवर लागेल,’ आणि तो बॅग उचलून धावत सुटला. जाताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

गर्दीतून तोफकाका दोन्ही हातांत कप सांभाळत, वाट काढत येत होते. लांबूनच ओरडले, “ऐकलं गं! चहावाल्यापर्यंत आलं!”

माईकबाईंनी वर भोंग्याकडे बोट केलं. तोफकाका अगदी जवळ आल्यावर, त्यांच्या तोंडासमोर तोंड नेऊन त्यांनी विचारलं, “कुठलं ऐकलंत?”

“कुठलं म्हणजे?” तोफकाका म्हणाले. “तुझं.”

मग ते बाकावर टेकले. दोघांनी मिळून चहा घेतला, चांगला आवाज करत, आणि रस्त्यापलीकडून खुर्ची घेऊन येणाऱ्या भावांची वाट बघत बसले.